हाताला नाडी लागत नाही तेव्हा: ताकायासू आजार, हृदय आणि शस्त्रक्रिया

नारळ खवताना उजवा हात पाच मिनिटांत भरून येतो, थांबलं की बरं वाटतं. विहिरीवर कळशी ओढताना तेच. केस विंचरायला हात वर धरवत नाही. वय पंचवीस-तीस. मग रक्त कमी असेल म्हणून लोहाच्या गोळ्या, नंतर मानेचा एक्स-रे, नंतर कॅल्शियम. केसपेपरावर दर वेळी बीपी ९० किंवा १००, म्हणजे 'लो बीपी', म्हणून लिंबूसरबतात मीठ जास्त घालून घ्यायचा सल्ला. काही वर्षांनी हीच बाई धाप लागते म्हणून दाखल होते आणि कुणीतरी पायावर बीपी घेतं. तो निघतो २००.

तरुण बाईच्या बाबतीत हे असं घडलं, तर ज्या आजाराचं नाव सर्वांत आधी डोक्यात यायला हवं तो ताकायासू आर्टरायटिस. मिकितो ताकायासू या जपानी नेत्रतज्ज्ञांनी १९०८ साली एका तरुणीच्या डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांचं विचित्र जाळं नोंदवलं. तशाच रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नाही, हे त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं. 'नाडीहीन आजार' हे नाव तिथूनच पडलं. आजार दुर्मीळ आहे, पण आपल्याकडे तो नवखा नाही. जपानमध्ये तो मुख्यतः हाताकडे आणि मेंदूकडे जाणाऱ्या धमन्यांना धरतो. भारतात पोटातली महाधमनी आणि मूत्रपिंडाच्या धमन्या त्याच्या तावडीत जास्त सापडतात, आणि पुरुष रुग्णांचं प्रमाणही जपानपेक्षा जास्त दिसतं. त्यामुळे आपल्या रुग्णांत उच्च रक्तदाब हेच बऱ्याचदा पहिलं लक्षण असतं, आणि तो हातावर दिसत नसला तर आजार वर्षानुवर्षं लपून राहतो.

शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मोठ्या धमन्यांवर उलटते. धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. दाह बाहेरच्या थराकडून सुरू होतो, कारण भिंतीलाच रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या तिथून आत शिरतात. मधल्या थरातले लवचीक तंतू नष्ट होतात, आतला थर जाड होत जातो आणि पोकळी अरुंद होते. जिथे मधला थर झपाट्याने नष्ट होतो तिथे मात्र उलटं होतं: भिंत कमकुवत होऊन फुगते. एकाच बाईच्या डाव्या हाताची धमनी बंद आणि हृदयाजवळची महाधमनी फुगलेली, असं चित्र त्यामुळेच दिसतं.

हृदयापर्यंत पोचण्याच्या वाटा

हृदयाचा स्नायू या आजारात सहसा थेट आजारी पडत नाही. कधी कधी स्नायूलाही दाह होतो, पण मुख्य नुकसान धमन्यांच्या बिघाडामुळे होतं. ही गोष्ट रुग्णाच्या बाजूची आहे, कारण धमनी दुरुस्त झाली तर हृदय बऱ्याचदा सावरतं.

पहिली आणि आपल्याकडे सर्वांत मोठी वाट रक्तदाबाची. मूत्रपिंडाची धमनी अरुंद झाली की मूत्रपिंडाला वाटतं शरीरात रक्तच कमी आहे, आणि ते दाब वाढवणारी रसायनं सोडतं. छातीतली किंवा पोटातली महाधमनी अरुंद झाली तरी अडथळ्याच्या वरच्या भागात दाब चढतो. डावा कप्पा या दाबाविरुद्ध रात्रंदिवस पंप करतो, आधी जाड होतो, मग थकून ताणला जातो. लहान मुलांत तर हे फार फसवं असतं. मूल धापा टाकत येतं, इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदय मोठं आणि पंपिंग २५ टक्के दिसतं, आणि 'हृदयाच्या स्नायूचा आजार' असा शिक्का बसतो. जांघेतली नाडी कुणी चाचपली नाही तर खरं कारण सापडत नाही. ती चाचपली, महाधमनीतली किंवा मूत्रपिंडाच्या धमनीतली अरुंद जागा नळीतून आत नेलेल्या फुग्याने उघडली, तर काही महिन्यांत तेच हृदय बरंचसं पूर्ववत होऊ शकतं. म्हणून मोठं हृदय घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाच्या चारही हातापायांची नाडी बघायलाच हवी.

दुसरी वाट महाधमनीच्या झडपेची. महाधमनीचं मूळ फुगलं की झडपेच्या तीन पाकळ्या एकमेकींना टेकत नाहीत. कधी पाकळ्याच जाड होऊन आखडतात. दर ठोक्यानंतर थोडं रक्त मागे कप्प्यात परततं. एरवी अशा गळतीची खूण म्हणजे हाताची जोरदार उसळणारी नाडी. इथे हाताची धमनीच बंद असल्याने ती खूण मिळत नाही आणि गळती मोठी होईपर्यंत कुणाला शंका येत नाही. स्टेथोस्कोप छातीच्या हाडाच्या डाव्या कडेला ठेवून, रुग्णाला पुढे वाकवून, श्वास सोडायला लावून ऐकलं तर ती ऐकू येते. इको केला की प्रश्नच मिटतो.

तिसरी वाट हृदयाला रक्त देणाऱ्या धमन्यांच्या, म्हणजे करोनरींच्या, तोंडांची. नेहमीच्या हृदयविकारात चरबीचे थर धमनीत कुठेही साठतात. इथे महाधमनीचा जाड झालेला आतला थर करोनरीच्या उगमावरच चढतो. पुढची धमनी निरोगी असते, दरवाजा मात्र बुजलेला. डाव्या करोनरीचं तोंड बुजणं सर्वांत धोक्याचं, कारण डाव्या बाजूचा जवळपास सगळा पुरवठा त्याच वाटेने जातो. तीस वर्षांच्या बाईला चढ चढताना छातीत आवळल्यासारखं होतं, तेव्हा घरचे आणि डॉक्टर दोघेही पित्त समजतात. हाताला नाडी नसेल तर ते पित्त समजू नये.

फुप्फुसाच्या धमन्याही अरुंद होतात आणि मग उजव्या कप्प्यावर ताण येतो. धाप आहे पण डावी बाजू ठीक आहे, असं दिसलं की तिकडे बघावं लागतं.

बीपी कुठे मोजायचा

या आजारात एवढी साधी आणि एवढी निर्णायक तपासणी दुसरी नाही. रुग्णाला पाच मिनिटं आडवं झोपवून दोन्ही दंडांवर आणि दोन्ही पायांवर बीपी घ्यायचा. पायासाठी मांडीवर घ्यायचा तर मोठा पट्टा लागतो. पट्ट्यातल्या फुग्याने मांडीच्या घेराचा साधारण ८० टक्के भाग व्यापला पाहिजे, आणि आवाज गुडघ्याच्या मागे ऐकायचा. मोठा पट्टा नसेल तर हाताचाच पट्टा घोट्याच्या वर बांधून मशीनने घ्यावा, अंदाज येतो. निरोगी माणसात पायाचा वरचा आकडा हातापेक्षा थोडा जास्त, १० ते २० ने, असतो. दोन हातांत १० पेक्षा जास्त फरक पुन्हा पुन्हा आला तर पुढची तपासणी करायची. हात ९६, पाय १९० असेल तर खरा बीपी १९०. हात १८० आणि पाय १००, तर अडथळा छाती-पोटातल्या महाधमनीत आहे.

चारही ठिकाणच्या धमन्या अरुंद असतील तर मात्र पट्ट्यावर भरवसा नाही. अशा वेळी इकोमध्ये कप्प्याची भिंत किती जाड आहे आणि डोळ्याच्या पडद्यावर दाबाच्या खुणा आहेत का, यावरून अंदाज घेतात. नक्की आकडा हवा असेल तर बारीक नळी थेट महाधमनीपर्यंत नेऊन मोजतात.

जो अवयव खरा बीपी दाखवतो त्याचं नाव फाइलीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावं: 'बीपी उजव्या पायावर मोजावा'. प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री ड्युटीवर वेगळाच डॉक्टर असतो, अपघातात रुग्ण बेशुद्ध असू शकतो. बंद धमनीच्या हातावर ७० बघून कुणी भराभर सलाइन चढवलं, तर आधीच ताणलेल्या हृदयाला ते झेपत नाही आणि फुप्फुसात पाणी भरतं.

बीपीच्या गोळ्यांतही एक मेख आहे. नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' येणाऱ्या गोळ्या चांगल्या आहेत, पण दोन्ही मूत्रपिंडांच्या धमन्या अरुंद असतील तर त्या मूत्रपिंडाचं काम एकदम पाडू शकतात. त्या सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचंच.

आधी आग शमवायची

ऑपरेशन कोणतं करायचं यावर घरात बरीच चर्चा होते. निकाल मात्र बऱ्याच अंशी ते कधी केलं यावर ठरतो. दाह चालू असताना महाधमनीची भिंत सुजलेली आणि ठिसूळ असते. भिजलेल्या पुठ्ठ्याला टाके घालावेत तशी गत होते: टाका बसतो, पण दाब आला की भिंत चिरत बाहेर येतो. नवी झडप कडेने सुटते, शेजारून रक्त गळतं, किंवा जोडाच्या जागी महिन्या-वर्षांनी फुगवटा येतो. ताकायासूच्या शस्त्रक्रियांतला सर्वांत जुना आणि अजूनही सर्वांत जाच देणारा त्रास हाच आहे. फुग्याने उघडलेली किंवा स्टेंट घातलेली धमनी पुन्हा बुजण्यामागेही बऱ्याचदा चालू असलेला दाहच असतो.

म्हणून तातडी नसेल तर आधी औषधं. प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सहसा रोज ४० ते ६० मिलिग्रॅमने सुरू करतात, दोन-तीन महिन्यांत १५-२० पर्यंत आणतात आणि वर्षभरात १० किंवा त्याखाली. सोबत प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या मेथोट्रेक्सेट, अझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट यांपैकी एक. याने भागलं नाही तर टोसिलिझुमॅब किंवा इन्फ्लिक्सिमॅबची इंजेक्शनं. सुरुवातीलाच छातीचा एक्स-रे आणि क्षयाची तपासणी हवी, कारण दबून बसलेला क्षय या औषधांनी उसळतो. आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. वार ठरवून टाकावा आणि गोळी देणाऱ्या घरच्या माणसालाही तो वार माहीत असावा.

दाह शमला हे ओळखणं अवघड आहे. ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या नॉर्मल असूनही ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या भिंतीच्या तुकड्यात दाह चालू असल्याचं बऱ्याच रुग्णांत आढळलेलं आहे. टोसिलिझुमॅब चालू असेल तर सीआरपी त्या औषधानेच खाली येतो, त्यामुळे त्याचा उपयोग राहत नाही. म्हणून लक्षणं, रक्ततपासणी आणि एमआर किंवा सीटी अँजिओ तिन्ही एकत्र बघायची; शंका असेल तर पेट स्कॅन. स्टेरॉइड कमी मात्रेवर असताना काही महिने सगळं स्थिर राहिलं, तर ती ऑपरेशनची योग्य वेळ.

थांबायचं नसतं अशाही वेळा असतात: महाधमनीची भिंत आतून फाटणं, डाव्या करोनरीचं तोंड जवळपास बंद होऊन आराम करतानाही छातीत दुखणं, झडपेच्या गळतीमुळे हृदय हात टेकणं. तेव्हा स्टेरॉइडच्या आवरणाखाली ऑपरेशन करतात आणि टाक्यांचा धोका डोळ्यांसमोर ठेवून पुढे जातात.

ऑपरेशन टेबलावर

झडपेची गळती तीव्र आहे आणि धाप लागते, तर झडप बदलायची. धाप नसली तरी पंपिंग ५० ते ५५ टक्क्यांच्या खाली आलं किंवा आकुंचन पावल्यावरही डाव्या कप्प्याचा व्यास ५० मिलिमीटरच्या वर राहिला, तरी वेळ झाली. लहान चणीच्या बायकांत ५० ची वाट बघत बसू नये. शरीराच्या प्रत्येक चौरस मीटरमागे २५ मिलिमीटर हा आकडा त्यांना जास्त लागू पडतो.

फक्त झडप बदलून भागेल की महाधमनीचं मूळही बदलायचं, हा खरा प्रश्न. मूळ फुगलेलं असेल तर नुसती झडप बसवणं अपुरं पडतं, कारण उरलेली आजारी भिंत पुढे आणखी फुगते. तेव्हा बेंटॉल ऑपरेशन करतात. ह्यू बेंटॉल आणि अँटनी डी बोनो यांनी ते १९६८ मध्ये मांडलं. छातीचं मधलं हाड उघडून, हृदय-फुप्फुस यंत्र जोडून, हृदय थांबवतात. जुनी झडप आणि फुगलेलं मूळ काढतात. दोन्ही करोनरींची तोंडं भोवतीच्या भिंतीच्या छोट्या चकतीसह सुटी करतात. त्यांना 'बटण' म्हणतात. मग डॅक्रॉन या कृत्रिम कापडाची नळी, जिच्या एका टोकाला झडप आधीच शिवलेली असते, ती हृदयाच्या मुखाला टाक्यांनी बसवतात. नळीला दोन भोकं पाडून त्यांत बटणं जोडतात आणि वरचं टोक उरलेल्या महाधमनीला शिवतात. टाका भिंत कापू नये म्हणून प्रत्येक टाक्याखाली टेफ्लॉन फेल्टचा लहान तुकडा ठेवतात, जोडाभोवती पट्टीही लावतात.

हृदय थांबवण्याचा द्रव देणं एरवी साधं काम असतं. इथे झडप गळत असेल तर महाधमनीत सोडलेला द्रव करोनरीत न जाता कप्प्यात सांडतो. करोनरीच्या तोंडात थेट द्यावा तर तोंडच अरुंद. म्हणून तो हृदयाच्या शिरेतून उलट्या दिशेने देतात. मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या अरुंद असल्या तर यंत्रावर असताना रक्तदाब नेहमीपेक्षा वर ठेवावा लागतो आणि कपाळावर सेन्सर लावून मेंदूतल्या ऑक्सिजनवर नजर ठेवतात. बीपीची बारीक नळी मनगटात घालून उपयोग नाही, हे भूलतज्ज्ञाला आदल्या दिवशीच कळलं पाहिजे. फाइलीवरची ती ओळ इथेही कामाला येते.

करोनरीचं तोंड बुजलं असेल तर बायपास. नेहमीच्या बायपासमध्ये छातीच्या आतल्या बाजूची धमनी सर्वोत्तम समजतात. पण ती हाताकडे जाणाऱ्या धमनीतून निघते. ताकायासूमध्ये नेमकी तीच अरुंद असते, किंवा आज चांगली असली तरी उद्या बंद होऊ शकते, आणि मग बायपासही तिच्याबरोबर उपाशी राहतो. त्यामुळे आधी हाताच्या धमन्यांचा सीटी अँजिओ बघितल्याशिवाय ती वापरू नये. पुष्कळदा पायाची शीर वापरतात. शिरेचं वरचं टोक महाधमनीच्या मऊ, निरोगी जागी जोडायचं. बाकी करोनरी चांगली असेल तर काही सर्जन तोंड कापून त्यावर शिरेचा किंवा हृदयावरणाचा तुकडा लावून ते रुंद करतात. स्टेंट बसवणं सोपं असलं तरी करोनरीच्या तोंडाशी घातलेले स्टेंट या आजारात पुन्हा बुजण्याचं प्रमाण जास्त आहे.

महाधमनी लांबवर अरुंद असेल तर अडथळ्याच्या वरून खाली जाणारी नवी नळी जोडतात. मूत्रपिंडाच्या धमनीसाठी आधी फुगा, तो पुन्हा पुन्हा फसला तर बायपास.

काढलेला भिंतीचा तुकडा पॅथॉलॉजीला गेलाच पाहिजे. तो अहवाल मागून घ्या. त्यात दाह चालू दिसला तर पुढची औषधं वाढवावी लागतात.

घरी आल्यावर

रायगड-रत्नागिरीहून बहुतेक रुग्ण मुंबईला, परळच्या केईएमसारख्या रुग्णालयात जातात. सावंतवाडी-दोडामार्गच्या लोकांना गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय जवळ पडतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हृदयशस्त्रक्रियांचा समावेश आहे; शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच भेटावं. ऑपरेशन लांबच्या शहरात होतं. पुढची सगळी वर्षं मात्र गावात काढायची असतात, आणि घोटाळे तिथेच होतात.

धातूची झडप असेल तर रक्त पातळ ठेवणारी गोळी, वॉरफेरिन किंवा असेनोकुमेरॉल, जन्मभर. महाधमनीच्या झडपेच्या जागी बसवलेल्या आजकालच्या झडपेसाठी आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) सहसा २ ते ३ च्या दरम्यान ठेवतात. तुमच्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळायचा. पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करतं. आपल्याकडे पाऊस पडला की टाकळा, माठ, अळू, शेवग्याचा पाला एकदम ताटात येतात आणि आयएनआर खाली घसरतो. भाजी सोडायची गरज नाही, बारा महिने साधारण सारख्या मापात खावी, आणि पावसाच्या पहिल्या महिन्यात तपासणी जास्त वेळा करावी. कमरेत इंजेक्शन घेऊ नये, स्नायूत रक्ताची मोठी गाठ होते. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनही नको. रक्तस्राव आणि मूत्रपिंड, दोन्हींना त्यातून धोका. खारवलेला बांगडा, सुकट, लोणची यांतलं मीठ बीपी आणि धाप दोन्ही वाढवतं, त्यावर हात आखडता घ्यावाच लागतो.

मूल हवं असेल तर गरोदर राहण्याआधी हृदयतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना भेटा. वॉरफेरिन, मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट आणि 'प्रिल-सार्टन' गोळ्या बाळाला घातक आहेत. हा विषय खरं तर झडप निवडतानाच निघायला हवा. जैविक झडपेला जन्मभर रक्त पातळ करणारी गोळी लागत नाही, पण तरुण वयात ती लवकर झिजते आणि दुसरं ऑपरेशन अटळ असतं. नवऱ्याला आणि सासूला बाहेर बसवून नव्हे, पण निर्णय त्या बाईचा आहे हे धरूनच तो बोलला जावा.

स्टेरॉइड अचानक बंद करू नये. महिनोन्‌महिने घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं विसरलेलं असतं. गोळी तुटली की उलट्या, गळाठा, बीपी पडणं सुरू होतं. उलट्या होऊन गोळी पोटात राहत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दात काढायचा किंवा हिरड्यांचं काम करायचं असेल तर तासभर आधी अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, पेनिसिलिनची अॅलर्जी नसल्यास. ऑपरेशननंतर वर्षातून किमान एकदा इको, आणि डॉक्टर सांगतील त्या अंतराने सीटी किंवा एमआर. जोडाजवळचा फुगवटा दहा-पंधरा वर्षांनीही येतो आणि बऱ्याचदा फुटेपर्यंत दुखत नाही. लघवी चहासारखी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं आणि नव्याने धाप लागणं ही झडपेच्या कडेने गळती होत असल्याची खूण असू शकते.

लावणीच्या दिवसांत चिखलात उतरणाऱ्यांसाठी लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचा) धोका असतोच. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्याला तो जास्त. शक्यतो शेतात उतरू नये, पायाला भेग किंवा जखम असेल तर मुळीच नाही. आरोग्य कर्मचारी वाटतात ती डॉक्सिसायक्लिनची गोळी वॉरफेरिनचा परिणाम वाढवते, म्हणून ती घेण्याआधी त्यांना आपली गोळी दाखवावी आणि घेतल्यावर आयएनआर करून घ्यावा. स्टेरॉइडमुळे ताप दबून राहतो, ९९-१०० इतकाच दिसतो. झडप बसवलेल्या माणसाला असा बारीक ताप दोन दिवसांपेक्षा जास्त राहिला तर घरच्या घरी अँटिबायोटिक सुरू करू नये. तालुक्याच्या किंवा जिल्हा रुग्णालयात जाऊन आधी ब्लड कल्चरचे, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीचे, नमुने द्यावेत. दोन गोळ्या जरी पोटात गेल्या तरी झडपेवरचा जंतू कल्चरमध्ये बऱ्याचदा उगवत नाही, आणि मग सहा आठवड्यांची इंजेक्शनं अंदाजाने द्यावी लागतात.